समुद्रदर्शन : चैन कीं शिक्षण ?

या वर्षीं दिवाळीच्या सुटीनंतर नवव्या इयत्तेच्या वर्गांत सहलीचा विषय निघाला, तेव्हां नेहमींप्रमाणें मतांचे दोन तट पडले. निम्म्या मुलांस गोवा पाहिजे होता. उरलेल्यांस पाण्याच्या कृत्रिम घसरगुंड्या असलेल्या एखाद्या क्रीडोद्यानांत जावयाचें होतें. मागील बांकावरील एक विद्यार्थिनी मात्र कोणत्याच पक्षास मिळाली नाहीं. तास संपल्यावर ती टेबलाजवळ आली व हळूच म्हणाली, "सर, समुद्राचा पलीकडचा कांठ खरोखरीच दिसत नाहीं का? महानच्या धरणाचा तर दिसतो." प्रस्तुत लेखक गेलीं कित्येक वर्षें भूगोल शिकवीत आहे, महासागर, खाड्या, भूशिरें हीं सर्व फळ्यावर काढून दाखवीत आहे, परंतु या प्रश्नानें तो खजील झाला. मागाहून चौकशी करतां समजलें कीं, गेल्या सालच्या सहलीच्या यादींत या मुलीचें नांव प्रथम होतें व चार दिवसांनीं तें खोडलें गेलें होतें. वडील सालदार, सहलीची वर्गणी त्यांस झेपण्याजोगी नव्हती, आणि "सवलत द्या" असें म्हणण्यास ते शाळेंत आले नाहींत.

या लेखांत एकच मत मांडावयाचें आहे. वऱ्हाडांतील प्रत्येक मुलानें व मुलीनें शाळा सोडण्यापूर्वीं एकदां समुद्र पाहिला पाहिजे; तो मुंबईस पाहावा; आणि त्यासाठीं जो खर्च लागतो म्हणून आपण भितों, तो बहुतांशीं समुद्राचा नसून आपल्या हौसेचा व मधल्या माणसांचा असतो.

या मतास पहिला विरोध झाला तो एका पालकांकडूनच. गांवांतील पारावर गोष्ट निघाली असतां ते म्हणाले, "पानी पाह्यले मुंबईले कायले जा लागते, मास्तर? महानच्या धरनात काय पानी नाही?" आक्षेप थट्टेनें घेतला होता, तरी तो थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं. त्यास उत्तर असें आहे. महानच्या धरणांत अडविलेलें पाणी काटेपूर्णेचें. काटेपूर्णा पुढें पूर्णेस मिळते, पूर्णा तापीस मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. म्हणजे काटेपूर्णेच्या खोऱ्यांत पडणाऱ्या पावसाचा जो थेंब जमिनींत मुरत नाहीं, धरणांत अडत नाहीं कीं उन्हानें आटत नाहीं, त्याची वाट अखेर त्या समुद्राकडेच जाते. आणि मृगाच्या सुमारास ज्या ढगांकडे तेच पालक हात कपाळाशीं लावून पाहत उभे राहतात, ते ढगही त्या समुद्रावरूनच येतात. ज्याच्याशीं आपल्या शेताचा एवढा देण्याघेण्याचा व्यवहार आहे, त्याचें तोंड जन्मांत एकदांही पाहूं नये, हा कोणता न्याय?

दुसरें एक नातें आहे तें कापसाचें. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ या काळांत यादवी युद्ध चाललें होतें. तिकडचा कापूस इंग्लंडांतील गिरण्यांस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास एकाएकीं भाव आला. १८६७ सालीं मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोल्यावरून नागपुरास पोंचला, त्यामागें या कापसाची ओढ मोठी होती. पुढें कित्येक वर्षें आपल्याकडील गांठी आगगाडीनें मुंबईस व तेथून जहाजानें समुद्रापार जात राहिल्या. मुंबईच्या हार्बर मार्गावर आजही कॉटन ग्रीन नांवाचें एक स्टेशन आहे; कापसाच्या बाजाराचें तें नांव मागें राहिलें आहे. आपल्या पणज्यांनीं पिकविलेला कापूस समुद्र पाहून आला. पणज्यांनीं तो पाहिला नाहीं, आणि त्यांची पणतवंडेंही तो चित्रपटांत पाहतात. हें लिहितांना कांहींसा राग येतो, तो वाचकांनीं क्षमा करावा.

मिठाचीही एक गोष्ट मुलांस सांगण्याजोगी आहे. आपल्या जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही तीरांवर खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील विहिरींचें पाणी खारें लागतें, हें त्या बाजूच्या मुलांस शिकवावें लागत नाहीं. १९३० सालीं देशभर मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हां समुद्रकिनारा नसलेल्या आमच्या जिल्ह्यानें स्वस्थ बसणें पतकरलें नाहीं. दहिहांडा येथें खाऱ्या विहिरींचें पाणी आटवून मीठ करण्यांत आलें व कायदा मोडण्यांत आला. त्याच सुमारास मुंबईकडे विलेपार्लें येथें सत्याग्रहाची छावणी उभी होती. आज विलेपार्लें स्टेशनावर उतरून जी माणसें जुहूच्या वाळूंत भेळ खावयास जातात, त्यांपैकीं किती जणांस हें ठाऊक असेल, कोण जाणे. आमच्या मुलांस तरी तें ठाऊक असावें, आणि दहिहांड्याच्या विहिरीची आठवण मनांत ठेवून त्यांनीं जुहूच्या पाण्याचा एक थेंब जिभेवर ठेवावा.

आतां मुंबईच कां, गोवा कां नको, हें सांगितलें पाहिजे. गोव्याचे किनारे सुंदर आहेत यांत वाद नाहीं. परंतु तेथें समुद्र पाहून झाल्यावर चैनीचा जो बाजार पसरलेला असतो त्यांत शाळकरी मुलांस करण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. अंतर लांब, आणि स्थानिक रेल्वेसारखें स्वस्त वाहन नाहीं. मुंबईची गोष्ट वेगळी. तेथें समुद्र आणि शहर हीं एकमेकांस चिकटून आहेत. अकोल्यास रात्रीं गाडींत बसावें, सुमारें ५८० किलोमीटर झोपेंत काटावे, आणि पहांटे उतरावें तें अशा स्टेशनांत कीं जें स्वतःच पाहण्याची वस्तु आहे. बोरीबंदरची ही इमारत १८७८ सालीं बांधावयास आरंभ होऊन दहा वर्षांत उभी राहिली व २००४ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेली. तेथून पायीं चर्चगेट, चर्चगेटपलीकडे समुद्र. तिकीट नाहीं, दार नाहीं, पहारेकरी नाहीं. मुंबईंत धनिकास व भिकाऱ्यास जी एक वस्तु सारख्याच किमतीस मिळते ती ही.

तीन वर्षांपूर्वीं प्रस्तुत लेखक दोन शिक्षिकांच्या सोबतीनें २२ विद्यार्थी घेऊन मुंबईस गेला होता. त्याच्या आदल्या वर्षीं सहलीचा ठेका एका व्यवसायी गृहस्थास दिला होता. त्यानें दरडोई साडेचार हजार रुपये घेतले, मुलांस शहराबाहेरच्या एका उपाहारगृहांत उतरविलें, दिवसाचा बहुतेक भाग मोटारींत घालविला आणि समुद्राजवळ पाऊण तास उभें केलें. मुलें परत आलीं तीं उपाहारगृहांतील दूरदर्शनसंचाचें वर्णन करीत. म्हणून पुढच्या खेपेस ठेका द्यावयाचा नाहीं असें ठरलें, आणि तीन रात्री व दोन दिवसांचा सर्व खर्च दरडोई हजार रुपयांच्या आंत बसला. तो कसा बसला हें पालकांस कळावें म्हणून थोडें विस्तारानें लिहितों.

प्रथम प्रवास. शाळेच्या अभ्याससहलीस रेल्वेच्या भाड्यांत सवलत मिळते. मुख्याध्यापकांच्या सहीचा अर्ज वेळेवर गेला पाहिजे, एवढेंच. एस. टी. महामंडळही शालेय सहलींस निम्म्या भाड्यांत गाडी देतें. जाण्याच्या व येण्याच्या दोन रात्री गाडींतच जात असल्यामुळें निवाऱ्याचा प्रश्न एकाच रात्रीचा उरतो. तो आम्हीं पत्रानें सोडविला. मुंबईंतील एका शाळेस दोन महिने आधीं लिहिलें कीं, आमच्या मुलांस एक रात्र वर्गांत झोपूं द्यावें. तुमचीं मुलें कधीं वऱ्हाडांत आलीं तर आमचे वर्ग, आमची विहीर व आमची भाकर तुमची आहे. उत्तर आठ दिवसांत आलें. दोन वर्ग मिळाले, मुलींस एक व मुलांस एक; बांक बाजूस सारून सतरंज्या घातल्या. त्या शाळेचे शिपाईदादा सकाळीं स्वतः चहा घेऊन आले, व पैसे देऊं लागतां रागावले.

येथें एक सूचना करावीशी वाटते. मुंबईस स्वस्त निवारा म्हटलें कीं वऱ्हाडी माणसास गाडगेबाबांच्या धर्मशाळेची आठवण येते, आणि तें स्वाभाविक आहे. बाबा आपले, अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवचे, बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुरीचें. परंतु दादर येथें त्यांच्या नांवानें जी धर्मशाळा चालते ती कर्करोगाच्या उपचारासाठीं आलेल्या रोग्यांची व त्यांच्या नातलगांची आहे. सहलीच्या मुलांनीं तेथें जागा अडविणें म्हणजे एखाद्या आजारी माणसाची खाट घेणें होय. शेगांवच्या भक्तनिवासांत थोडक्या पैशांत स्वच्छ खोली मिळते, तशी मुंबईंतही सर्वत्र मिळेल, अशी समजूत करून घेऊन जाणेंही चुकीचें ठरेल. मुंबईंत एका कुटुंबानें साध्या खोलींत एक रात्र काढावयाची तर चौघांच्या रेल्वेच्या जाण्यायेण्याच्या भाड्याएवढा खर्च सहज होतो. म्हणून कुटुंबानें जावयाचें असल्यास नात्यांतलें वा गांवांतलें कोणी तेथें आहे काय, याची आधीं चौकशी करावी. बार्शीटाकळीचें माणूस नाहीं असें मुंबईंत उपनगर सांपडणें कठीण.

अन्नाविषयीं बोलावयाचें तर पहिले दीड दिवस शिदोरीवर निघाले. दुधांत भिजविलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, गूळ आणि फुटाणे. दशमी दोन दिवस खराब होत नाहीं हें आपल्या आयांस सांगण्याची गरज नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं वडापाव व सायंकाळीं चौपाटीवर भेळ. कित्येक शिक्षक सहलीच्या आरंभींच "बाहेरचें खाऊं नये" अशी आज्ञा करतात. परंतु चौपाटीवर नेऊन भेळ नाकारणारा शिक्षक मुलांच्या मनांतून उतरतो तो पुन्हां चढत नाहीं. दोघांत एक पुडा, हा आमचा नियम. पिण्याचें पाणी मात्र ज्याचें त्यानें बाटलींत भरून बाळगावें. विकतच्या पाण्यावर होणारा खर्च थेंबाथेंबानें वाढतो.

आमच्या हातून चुकाही झाल्या. घारापुरीचीं लेणीं सोमवारीं बंद असतात. ही गोष्ट प्रस्तुत लेखकास ठाऊक असावयास पाहिजे होती. परंतु ती अपोलो बंदराच्या धक्क्यावर, २२ मुलें मागें उभीं असतां, एका नावाड्यानें सांगितली. मुलांची निराशा त्यांच्या तोंडांवर दिसत होती. नावेचें भाडें वांचलें एवढें समाधान मानून आम्ही गेट वे ऑफ इंडियाच्या कमानीखालीं बसलों. ही कमान १९२४ सालीं पुरी झाली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ या दिवशीं ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी हिच्याच खालून निघून गेली. या दोन सालांतील अंतर किती, असें विचारतां एका मुलानें "चोवीस वर्षें" असें उत्तर दिलें व आपण होऊन म्हणाला, "म्हणजे बांधली त्यांनीं येण्यासाठीं, आणि कामास आली जाण्यासाठीं." नंतर एका छायाचित्रकारानें सर्वांचें चित्र काढून ठरल्याच्या दुप्पट पैसे मागितले व प्रस्तुत लेखकानें ते भीडेस्तव दिले. आधीं बोली करून ती मुलांदेखत मोठ्यानें म्हणून घ्यावी, हा त्यावरचा उपाय. वांचलेल्या वेळांत जवळचें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहिलें. तें १९२२ पासून लोकांस खुलें आहे.

आणि मग सायंकाळीं समुद्र. मरीन ड्राइव्हच्या कठड्यापाशीं पोंचेपर्यंत मुलें मोठमोठ्यानें बोलत होतीं. तेथें पोंचतांच तीं गप्प झालीं. पलीकडचा कांठ नव्हता. पूर्णाकांठच्या एका गांवचा, वसतिगृहांत राहणारा मुलगा चौपाटीवर पाण्याशीं वांकला, ओंजळींतलें पाणी जिभेस लावून थुंकला व म्हणाला, "आमच्या हिरीपेक्षा लई खारट हाये." दुसरा एक अर्धा तास कोणाशीं बोललाच नाहीं, त्यास काय वाटलें तें त्यानें आजवर सांगितलेलें नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं. त्याच वाळूवर १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्यांस अखेरचा निरोप देण्यांत आला. त्यांच्या पुतळ्याजवळ सर्व बसलों व त्या दिवशीं लोटलेल्या गर्दीची गोष्ट सांगितली. एवढ्यांत फुगेवाला आला, आणि इतिहास तेथेंच संपला.

समुद्राची किंमत पैशांत नाहीं असें वर म्हटलें, पण त्याची एक किंमत आहे व ती जबर आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं रायगड जिल्ह्यांत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मेले. तेव्हांपासून पुष्कळ पालकांनीं व शिक्षकांनीं समुद्राचें नांवच टाकलें. त्यांची भीति समजण्यासारखी आहे. परंतु भीतीवर उपाय अज्ञान नव्हे. आमचीं मुलें विहिरींत पोहणारीं. विहिरीचें पाणी स्थिर असतें, खोली ठाऊक असते. समुद्र बारा तासांत चढतो व उतरतो, पायाखालची वाळू ओढून नेतो, आणि ज्या वाटेनें आपण आंत गेलों ती वाट परत येतांना राहत नाहीं. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी फरसबंद वाट ओहोटीस कोरडी असते व भरतीस पाण्याखालीं जाते, हें एकदां डोळ्यांनीं पाहिलेला मुलगा भरती या शब्दाचा अर्थ विसरणार नाहीं.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणांतील जुना हिशेब आहे. पंचांग जाणणाऱ्या कोणत्याही घरांत तो करतां येईल. त्या दिवसाची तिथि घ्यावी व तिची पाऊणपट करावी. जी संख्या येईल तितके वाजतां मुंबईकडे पूर्ण भरती. चतुर्थीस चारांचे पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजतां, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. ही भरती दिवसांतून दोन वेळां येते व दोहोंच्या मध्यें, सुमारें सहा तासांनीं, ओहोटी. रोज ती पाऊण तास किंवा किंचित् अधिक उशिरा येते, कारण चंद्रही रोज तितकाच उशिरा उगवतो. पौर्णिमेस व अमावास्येस सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेंत येऊन पाणी अधिक चढतें व अधिक उतरतें, तेंच उधाण. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी, त्यास भांग म्हणतात. हा हिशेब ठोकळ आहे. अर्धा-पाऊण तास मागेंपुढें होतो, म्हणून निघण्यापूर्वीं छापील वेळापत्रक पाहिलेंच पाहिजे. परंतु अष्टमीस चार वाजतां वाळूवर उतरलेल्या मुलास पाणी आपल्या अंगावर चढत येत आहे हें कळण्यास, त्याच्याजवळ यंत्र नसलें तरी, पाऊणकी पाठ असल्यास पुरें.

आमचे नियम थोडे होते. घोट्यापलीकडे पाण्यांत जावयाचें नाहीं. दहा मुलांमागें एक मोठें माणूस पाण्याकडे तोंड करून उभें राहील व तें माणूस छायाचित्रें काढणार नाहीं. शिट्टी झाली कीं डोकीं मोजावयाचीं. मरीन ड्राइव्हच्या कठड्याखालीं लाटा फोडण्यासाठीं जे चार पायांचे सिमेंटचे ठोकळे टाकले आहेत त्यांवर कोणीं उतरावयाचें नाहीं. ते निसरडे असतात व त्यांच्या फटींत पडलेलें माणूस काढणें कठीण. पावसाळ्यांत जावयाचेंच नाहीं.

मुंबईचा समुद्र घाण आहे, असा आक्षेप शिकल्यासवरल्या पालकांकडून येतो. आक्षेप खरा आहे. शहराचें सांडपाणी व प्लॅस्टिक त्यांत जातें. स्नान करण्याजोगें तें पाणी नव्हे, आणि आम्हीं तें करूंही दिलें नाहीं. परंतु अकोल्याची मोर्णा काय निर्मळ होती? २०१८ सालीं अकोल्याच्या लोकांनीं हातांनीं तिची जलपर्णी उपसली, तेव्हां आपल्यांतलेही कित्येक गेले होते. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह या तरुण वकिलानें २०१५ पासून शेजाऱ्यांसह कचरा उचलण्यास आरंभ केला व पुढें शेंकडों लोक त्यास मिळाले. घाण दिसूं नये म्हणून मुलांस समुद्रच दाखवूं नये, हें म्हणजे वर्ग झाडावा लागेल म्हणून शाळेसच कुलूप लावण्यासारखें झालें.

मुलींविषयीं दोन शब्द. त्या २२ जणांत मुली पांचच होत्या. नांवें बारा आलीं होतीं. सात घरांतून मागें घेतलीं गेलीं, व कारण दर वेळीं पैशाचेंच सांगण्यांत आलें. पण त्यांपैकीं तीन घरांतले मुलगे त्याच सहलीस होते! प्रस्तुत लेखक कोणास दोष देत नाहीं. परदेशीं मुलीस पाठविण्याची काळजी त्यासही कळते. म्हणून त्याची सूचना अशी कीं, येत्या खेपेस आयांनींच सोबत चलावें. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.च्या गाड्यांत स्त्रियांस निम्मेंच तिकीट पडतें. बार्शीटाकळी ते अकोला हा पल्ला तर त्यांस सोपाच. रेल्वेचें भाडें तेवढें भरावें लागेल. आपल्या गांवांतल्या किती आयांनीं समुद्र पाहिला आहे, हा प्रश्न एकदां घरीं जेवतांना विचारून पाहावा.

पैशाची तजवीज अशी योजिली आहे. वर्गणी एकदम न घेतां जूनपासून सहा महिने, महिन्यास दोनशें रुपये, ज्यास जसे जमतील तसे, शिक्षकाजवळ जमा करावयाचे. ज्यास मुळींच जमत नाहींत त्यानें सांगण्याचेंही कारण नाहीं, कारण जमाखर्चाची वही कोणास दाखविली जाणार नाहीं. गेल्या खेपेस शिल्लक राहिलेले थोडे रुपये व कांहीं माजी विद्यार्थ्यांनीं देऊं केलेली रक्कम त्यांत मिळविली म्हणजे चार-पांच जागांची सोय होते. दिवस मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपासचा धरावा, कारण त्या सुमारास सायंकाळीं ओहोटी असते, वाळू पुष्कळ उघडी पडते, आणि एकीकडे सूर्य मावळत असतां पाठीमागें चंद्र वर येतो. सोमवार मात्र टाळावयाचा आहे.

ज्या विद्यार्थिनीच्या प्रश्नावरून हा लेख सुरू झाला, तिच्या वडिलांस प्रस्तुत लेखक माघ महिन्यांत जाऊन भेटला. ते गोठ्यांत बैलांस चारा टाकीत होते. सर्व ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "नवं साल ठरलं की सांगतो, गुरुजी." होकार नाहीं व नकारही नाहीं. मुलगी दाराशीं उभी होती. दुसऱ्या दिवशीं तिनें वही पुढें केली. तींत घरच्या पंचांगावरून पंधरा तिथींची पाऊणपट करून भरतीच्या वेळा ओळीनें मांडल्या होत्या. पौर्णिमेपुढें सव्वा अकरा लिहिलें होतें, आणि त्याच्या शेजारीं पेन्सिलीनें, ओहोटी सव्वा पांच.